मापाची सायकल फ्रेम, ही भानगड सुरू कुठून झाली
बडोद्यात हल्ली रविवारी पावागढपर्यंत सायकल मारणारे बरेच झालेत, आणि कोणाची मान नाहीतर गुडघा धरला की ग्रुपमधला एकजण सांगणारच, कस्टम फ्रेम, म्हणजे आपल्या मापाची सायकलची चौकट, करून घे. बाकीच्यांना ते श्रीमंतांचे चोचले वाटतात. पण जुना प्रकार बघितला तर उलटंच आहे, चांगली सायकल बरेचदा मापानेच बनायची, स्मॉल-मीडियम-लार्ज बरंच नंतर आलं.

१८८५ मध्ये इंग्लंडच्या स्टार्लीची रोव्हर सायकल आली आणि मग काही वर्षांतच आज दिसते ती चौकट ठरून गेली. १८९७ मध्ये रेनॉल्ड्स या इंग्लिश कारखानदाराने बटेड नळीचं पेटंट घेतलं, म्हणजे टोकांना जाड आणि मधे पातळ, कारण जोर जोडावरच येतो, मधे उगाच वजन कशाला. १९३५ च्या त्यांच्या ५३१ नावाच्या स्टीलच्या नळीला जास्त ताप चालायचा नाही म्हणून नळ्या लगमधे, म्हणजे जोडावरच्या धातूच्या टोपणात, घालून ब्रेझिंग करायचे, म्हणजे नळी न वितळवता पितळासारखा धातू वितळवून सांधायचे. आणि खरी गंमत इथेच आहे, दांडी दोन सेंटीमीटर कमी हवी? हॅक्सॉने काप, कानशीने घास, जोड. साचा नको, मोठं मशीन नको. त्यामुळे एकटा कारीगरसुद्धा गिऱ्हाइकाच्या पायाचं, हाताचं माप घेऊन फ्रेम बनवू शकायचा, वजनदार माणसाला जाड नळी, हलक्याला पातळ.

मिलानच्या विगोरेली ट्रॅकखाली फालिएरो मासीचं वर्कशॉप होतं, तिथे रेसर लोक फ्रेम करून घ्यायचे. १९७२ मध्ये बेल्जियमचा रेसर एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किमी मारले ती सायकल इटलीच्या कोल्नागो या कारीगराने खास त्याच्यासाठी बनवलेली, वजन पावणेसहा किलोच्या आसपास! पॅरिसचा कारीगर रने एर्स मात्र लांब पल्ल्यावाल्यांचा माणूस, मडगार्ड, दिवा, कॅरियर सगळं फ्रेमबरोबरच आखायचा. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात शेकडो किमीच्या राइड, करणाऱ्यांना याची किंमत लगेच कळेल.

आपल्याकडे हे रुजलंच नाही. ॲटलस, हीरोची काळी सायकल बावीस नाहीतर चोवीस इंची, पोरं त्रिकोणातून पाय घालून हाफ पेडल मारायची, म्हणजे जुळवून घ्यायचं ते आपणच.

मग ॲल्युमिनियम आणि कार्बन आलं. कार्बनला प्रत्येक साइझचा साचा वेगळा, खर्च वेगळा. नव्वदच्या दशकात जायंट कंपनीसाठी डिझायनर माइक बरोजने वरची दांडी उतरती केली आणि तीन साइझमधे बहुतेकांना बसवलं, उरलेलं सीटपोस्ट (सीटखालची नळी) आणि स्टेमने (हँडल धरणारा तुकडा) जुळवायचं. डोकं हिशोबी, पण टोकाच्या मापाचे लोक यात लटकले. माझी बहीण पाच फुटाला जेमतेम पोचते, तिच्या सायकलवर हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. जॉर्जिना टेरीने १९८५ मधे बायकांसाठी कंपनी काढली तेव्हा हेच ओळखून पुढचं चाकच लहान लावलं होतं.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी कारखाना वसाहतीत टिग (बारीक कामाचं) वेल्डिंगवाले आहेतच की, असं कोणीतरी म्हणेल. आहेत, पण ०.६ मिमीची नळी आणि सरळ फ्रेमसाठी जिग (नळ्या जागेवर धरून ठेवणारा सांगाडा), हे काम वेगळं. फारच उंच, फारच बुटके, हातपाय प्रमाणाबाहेर लांब किंवा चारशे-सहाशे किमीवाले, यांनी जरूर करून घ्यावी. बाकीच्यांनी आधी फिटिंग करून, स्टेम बदलून बघा, बऱ्याच जणांची मान तेवढ्यावर थांबते.