लिंगभाव परिचय (विद्यापीठीय विषय)

स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी समाजाने ठरवलेल्या भूमिका, कामाची वाटणी व सत्तासंबंध यांची पदवीच्या पातळीवर ओळख करून देणारा विषय. प्रस्तुत नोंदीत नागपूर परिसरातील अध्यापनाला उपयोगी पडणाऱ्या साधनांचा विशेष विचार केला आहे.

संज्ञा : ‘जेंडर’साठी ‘लिंगभाव’ हा पर्याय मराठीत आता बराचसा स्थिरावला आहे. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर, बहुधा ऐंशीच्या दशकापासून, स्त्री-अभ्यासाच्या लेखनातून तो रुळला असावा. ‘लिंगभेद’ हा जुना शब्द विषमता दाखवतो, संकल्पना नव्हे. ‘लिंगभान’ जाणिवेपुरता राहतो. ‘भाव’ म्हणजे भावना असा अर्थ घेतल्यास ‘लिंगभाव’ अपुरा वाटतो. परंतु ‘भू’ धातूपासून आलेल्या या शब्दाला ‘असणे, होणे’ असाही अर्थ असल्याने तोच अधिक ग्राह्य ठरतो.

‘लिंग’ याचा एक जुना अर्थ खूण. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, धूर हे अग्नीचे लिंग. पाणिनीच्या ४.१.३ या सूत्रावरील महाभाष्यात (सामान्यतः इ. स. पू. दुसरे शतक) पतंजली स्त्री-पुरुषांच्या शारीरिक लक्षणांची कारिका (सूत्ररूप श्लोक) देतो आणि ती अपुरी ठरवतो, कारण खट्वा (खाट) स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी का, हे अशा लक्षणांनी सांगता येत नाही. शब्दाचे लिंग लोकव्यवहारावर अवलंबून असते, असेही भाष्यात म्हटले आहे. हा विचार व्याकरणाचा आहे, त्यात आधुनिक सिद्धांताचे बीज शोधणे ओढूनताणून होईल. तरी खुणेला अर्थ लोक देतात, ही गोष्ट नवख्या विद्यार्थ्याच्या गळी उतरवायला तो उत्तम उपयोगी पडतो.

मराठीत क्रियापदच लिंग उघड करते. फळ्यावर ‘डॉक्टर वॉर्डात आल–’ एवढेच लिहून वाक्य पुरे करायला सांगितले, की ‘आले’ की ‘आल्या’ या एका अक्षरावरून वर्ग बोलू लागतो. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना ‘बाया-माणसं’ हा जोडशब्द घरचाच असतो. त्यात ‘माणूस’ म्हणजे पुरुष, आणि ‘तिचा माणूस’ म्हणजे नवरा.

श्रम : कपाशीची वेचणी बहुतांशी बायांकडे असते. पाठीला किंवा कमरेला बांधलेल्या ओट्यात (कापडी झोळीत) कापूस भरत जायचा आणि संध्याकाळी काट्यावर वजन करून किलोच्या भावाने मजुरी घ्यायची. त्याआधीचा स्वयंपाक आणि पाणी कोणत्याच काट्यावर चढत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७.

नागपूरची साधने : कायद्याच्या घटकात मथुरा प्रकरणाला पर्याय नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरवले. भीतीपोटी मुकाट्याने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा खंडपीठाच्या निर्णयाचा गाभा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो फिरवला. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. या विषयाच्या पुस्तकांत बहुधा सर्वोच्च न्यायालयापासूनच सुरुवात होते. नागपूरच्या वर्गात खंडपीठाचा निर्णय आधी वाचला जावा, कारण संमती आणि शरणागती यांतला फरक तिथे आधीच सांगितला गेला होता.

जात आणि लिंगभाव यांच्या गुंत्यासाठी दुसरे उदाहरण १९३७ चे. त्या वर्षी नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले होते. मुलींची शाळा चालवणाऱ्या दलित कार्यकर्त्या जाईबाई चौधरी यांना तिथे जेवणाच्या वेळी वेगळे बसवल्याची नोंद मिळते. दलित स्त्रियांनी त्याचा जाहीर निषेध केला. पुढे २० जुलै १९४२ रोजी याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग महिला परिषद झाली आणि डॉ. आंबेडकरांनी तिथे भाषण केले. उपस्थिती पंचवीस हजारांच्या आसपास सांगितली जाते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतील बायांना रजा आणि दुखापतीची भरपाई, असे तिचे ठराव होते. एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू असलेल्या शहरात रजेचा ठराव हा रोजचा प्रश्न होता. समानतेच्या मागण्या शिकलेल्या उच्चवर्णीयांकडून खाली झिरपल्या, हे मत या ठरावांपुढे टिकत नाही.

अलीकडचे विषय : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, तृतीयपंथी ओळखीला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकाल आणि समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढणारा २०१८ चा निकाल. तृतीयपंथी व्यक्तीविषयी लिहिताना ‘तो’, ‘ती’ की ‘ते’, हे त्या व्यक्तीला विचारून ठरवावे, अशी पद्धत आता रूढ होत आहे. ‘ते’ हे मराठीत नपुंसकलिंगीही असल्याने काहींना ते खटकते, तर आदरार्थी अनेकवचन म्हणून काहींना चालते.