श्रवणकक्ष (घरगुती)

उच्च प्रतीच्या ध्वनियंत्रणेवर फक्त संगीत ऐकण्यासाठी राखलेली घरातील खोली. शौकीन मंडळी तिला ‘म्युझिक रूम’ म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईत ती बहुधा फ्लॅटमधल्या एखाद्या बेडरूममधूनच घडवावी लागते. स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी विचार आणि पैसा या खोलीवर खर्च व्हायला हवा.

याचे कारण खोलीचा आकार. १० बाय १० फुटांची बेडरूम आणि साडेनऊ फूट उंची म्हणजे जवळजवळ घनच. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी मावते, तो तिथे स्थिर तरंग होऊन घुमत राहतो. १० फुटांना ही वारंवारता सुमारे ५७ हर्ट्झ येते, साडेनऊ फुटांना ६०. दुप्पट वारंवारतेलाही तेच घडते. त्यामुळे तबलजीने डग्ग्यावर मनगट सरकवले की चढत्या घुमाऱ्यातला एखादा सूर अकारण फुगतो आणि पुढचा बसतो. खुर्ची दोन फूट मागे नेली की हिशेब उलटतो. म्हणून निवड असेल तर चौरस खोली टाळावी, ११ बाय १५ ची घ्यावी. भिंतीवर चिकटवलेला एक इंची फोम इथे निरुपयोगी ठरतो, कारण ५७ हर्ट्झचा तरंग सहा मीटर लांब असतो. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या ध्वनिशोषक लोकरीचे) जाड थर उभे करावे लागतात.

मधल्या आणि वरच्या सुरांचा प्रश्न निराळा. लादी, काच आणि गुळगुळीत गिलावा यांमुळे रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर मागोमाग झणझणीत तडतड ऐकू येते. वॉलेस सॅबाइन याने १८९५ पासून हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात गाद्या मांडून निनादकाल, म्हणजे आवाज थांबल्यावर त्याचा निनाद विरायला लागणारा वेळ, मोजला. खोलीचे आकारमान आणि तिच्यातले ध्वनिशोषण यांवर तो ठरतो, हे त्याने दाखवून दिले. घरच्या खोलीला साधारण ०.३ ते ०.४ सेकंद मानवतात. सतरंजी, जाड पडदा आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी बरेच साधते. बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसेल तिथे शोषक पॅनल लावावे. मात्र सगळ्या भिंती मढवू नयेत, तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकारता नाद) मरते.

शोषण आणि आवाज अडवणे यांत नेहमी गल्लत होते. घोडबंदर रस्त्याची वाहतूक रॉकवूलने थांबत नाही. त्यासाठी वजनदार आणि फटी बुजवलेले दार हवे, खिडकीलाही अंतर सोडून दुसरी काच हवी. खोलीत दुसरी भिंत उभारायची तर स्लॅबवरचा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेणे अत्यावश्यक. निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खर्जाचे सूर स्लॅबमधून शेजाऱ्यापर्यंत सहज पोचतात.

खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात रेकॉर्डच्या वेष्टनांवर बुरशी धरते, म्हणून डीह्युमिडिफायर हवाच. उन्हाळ्यात एसी तासभर आधी लावून खोली गार करतात आणि सुई टेकवण्यापूर्वी तो बंद करतात.