दिवसाला एकच मोठी खाडी
मोठ्या कुटुंबासाठी कोकण किनाऱ्यावरचा कॅम्परव्हॅन प्रवास: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ठाणे-नवी मुंबईतून आमच्याकडे जी कुटुंबं येतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: पाच दिवसांत गोवा करून परत येता येईल का? येईल, पण त्यासाठी आमची व्हॅन घेऊ नका. त्यासाठी रेल्वे आहे, हायवे आहे. आजी-आजोबा, दोन भावांची बिऱ्हाडं, आत्या आणि पोरंटोरं अशा सगळ्या गोतावळ्याला घेऊन समुद्राकाठाने सावकाश, गावागावांत मुक्काम करत जायचं असेल, त्यासाठी ही गाडी आहे. हे पत्रक आधी घरात सगळ्यांनी मिळून वाचा आणि मग फोन करा.

सावकाश का, तर या किनाऱ्याची रचनाच तशी आहे. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग नकाशावर सलग रेघेसारखा दिसतो. प्रत्यक्षात सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी त्याला कापत जाते. अलिबागच्या आधी धरमतरची खाडी, रेवदंड्याला कुंडलिकेची, मुरूडच्या पुढे राजपुरीची, मग सावित्रीची बाणकोट खाडी, दाभोळला वाशिष्ठीची, जयगडला शास्त्रीची. काहींवर पूल आहेत. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड इथे गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं. बोट चुकली की पुढच्या फेरीची वाट बघायची, नाहीतर लांबचा वळसा घालायचा. म्हणून आमच्या चालकांचा एक नेम आहे: दिवसाला एकच मोठी खाडी ओलांडायची. एका खाडीच्या अलीकडे सकाळ आणि पलीकडे संध्याकाळ, एवढंच अंतर दहा माणसांच्या घराला झेपतं. त्यात लहान मुलाला उलटी होते, आजीला पाय मोकळे करायचे असतात, कुणाला तरी वाटेतल्या बाजारातून सुकट घ्यायची असते. या गोष्टींसाठी वेळ नसेल, तर इतक्या माणसांनी एकत्र निघण्यात आनंद नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

व्हॅनमध्ये काय मावतं

गाडी ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली आहे. लांबी साधारण तेवीस फूट, उंची दहा. चालक सोडून नऊ जण पट्टे लावून बसू शकतात. झोपायला मात्र चार मोठी माणसं आणि एक लहान मूल एवढीच जागा आहे. त्याहून जास्त माणसं कोंबू नका. कुटुंब दहा-अकरा जणांचं असेल, तर आम्ही एक व्हॅन आणि सोबत तुमची घरची कार असं सुचवतो. ज्येष्ठ आणि लहान मुलं व्हॅनमध्ये झोपतात, बाकीच्यांसाठी त्याच अंगणातल्या घरगुती निवासात एक-दोन खोल्या घेतो. दोन व्हॅन घेतल्या तर खर्च वाढतो आणि अरुंद रस्त्यांवर दोन्ही गाड्या अडतात. केळशी, आंजर्ल्यासारख्या गावांत चिऱ्याच्या गडग्यांमधून रस्ता जातो. वर फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा असतात. तिथे मागे घ्यायची वेळ आली, तर एक गाडी सांभाळणंच पुरेसं असतं.

दहा फूट उंचीमुळे ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या पोडियम पार्किंगमध्येही गाडी जात नाही. आम्ही गेटबाहेर येतो. नौपाड्यातल्या गल्ल्यांमध्ये येत नाही, जवळच्या मोठ्या रस्त्यावर थांबतो. सामान आदल्या रात्रीच खाली आणून ठेवा, कारण पहाटे पाचला निघायचं असतं. घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रोड आणि पळस्पे फाटा गर्दीच्या आधी पार झाला पाहिजे. शनिवारी सकाळी अर्धी मुंबई अलिबागला निघते आणि वडखळ नाक्यावर गाड्या तुंबतात. त्यामुळे आमच्या सगळ्या सहली सोमवारी किंवा मंगळवारी सुटतात.

पाणी, संडास, वीज

इथे जरा थांबून वाचा. सहल आनंदाची होते की भांडणाची, हे याच तीन गोष्टींवर ठरतं.

पाण्याची टाकी 120 लिटरची आहे. दहा माणसांत वाटली तर माणशी 12 लिटर. तेवढ्यात तोंड धुणं, भांडी विसळणं आणि चहा होतो, आंघोळी होत नाहीत. आंघोळी मुक्कामाच्या घरी करायच्या. त्यांच्याकडे बंब पेटलेला असतो आणि नारळी-पोफळीच्या वाडीतली ती आंघोळ गाडीतल्या शॉवरपेक्षा कितीतरी सुखाची असते. पिण्याचं पाणी वेगळ्या जारमध्ये भरलेलं देतो.

गाडीतल्या संडासाची पेटी 20 लिटरची आहे. सगळ्यांनी वापरला तर एका दिवसात भरते. म्हणून तो रात्रीसाठी, आजारी माणसासाठी आणि रस्त्यात अडल्या वेळेसाठी राखायचा. पेटी रिकामी करण्याचं काम आमचा चालक करतो आणि ते मुक्कामाच्या घराच्या सेप्टिक टँकमध्येच, घरमालकाला विचारून. खाडीत, समुद्रात, शेतात, ओढ्यात कधीच नाही. भांड्यांचं खरकटं पाणीसुद्धा टाकीत साठवून नेतो. ज्या गावात आपण पाहुणे आहोत, तिथल्या विहिरींची आणि किनाऱ्याची घाण आपल्या हातून होता कामा नये. याबाबतीत आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

विजेचं असं, की बॅटरीत साधारण साडेतीन युनिट वीज साठते. दिवे, पंखे आणि छोटा फ्रिज रात्रभर चालतात. एसीला तासाला दीड युनिटच्या आसपास लागतं, म्हणजे नुसत्या बॅटरीवर तो दोन-सव्वादोन तासांत बंद पडेल. रात्रभर एसी हवा असेल तर मुक्कामाच्या घरी अर्थिंग असलेला जाड पिनचा सॉकेट लागतो. ठरलेल्या घरांमध्ये तो आम्ही आधी तपासलेला असतो. गावात वीज गेली, तर मग वाऱ्याचाच आधार. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. चालक गाडी अशी लावतो की दुपारी एका अंगाच्या आणि रात्री दुसऱ्या अंगाच्या खिडक्यांतून हवा खेळेल. जाळ्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे डासांची काळजी नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एवढ्यावर भागतं. मार्चनंतर दमटपणा वाढतो. एप्रिल-मे मध्ये आंब्यांसाठी जायचं असेल तर जरूर जा, पण विजेची सोय असलेल्या मुक्कामांवरच. जून ते सप्टेंबर आम्ही गाडी देत नाही. गणपतीच्या दिवसांत हायवेचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

गाडी कुठे उभी राहते

वाळूवर नाही. पुळणीवर गाडी उतरवायला मनाई आहे, आणि ओल्या वाळूत रुतलेली जड गाडी भरती यायच्या आत निघेलच असं नाही. आम्ही किनाऱ्याजवळच्या घरांच्या अंगणात किंवा वाडीच्या कडेला लावतो. माडाखाली मात्र कधीच नाही. नारळ आणि झावळ्या वरून पडतात, छताचं आणि डोक्याचं दोन्हीचं नुकसान होतं. मुलांनाही हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. काही गावांत ग्रामपंचायत स्वच्छता किंवा पार्किंगसाठी पैसे घेते. पावती घ्या आणि आनंदाने द्या.

भरतीचा अंदाज घरातल्या कॅलेंडरवरून काढता येतो. तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला (पंधरावी तिथी) सव्वाअकरा ते बारा, ही साधारण पूर्ण भरतीची वेळ. सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. एखादा तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ गावातल्या कोळ्यांना विचारा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: दुपारी बाराला पाणी पार वर येतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला लांबच लांब ओली, घट्ट वाळू उघडी पडते. मुलांच्या क्रिकेटला आणि आजोबांच्या फेरफटक्याला याहून चांगली वेळ नाही. पाणी ओसरत असताना पोहायला उतरू नका, ओढ आत नेते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची खडकाळ वाट तर फक्त ओहोटीला आणि समुद्र शांत असतानाच, तीही स्थानिकांना विचारून.

फेरीबोटीत चढताना घरच्यांना खाली उतरवून चालत नेतो. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि गाडीचं मागचं अंग खाली टेकण्याची भीती असते. गॅसचा सिलिंडर बोटीवर आणि चालत्या गाडीत बंदच राहतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आमचा आवडता मार्ग

पहिला मुक्काम नागाव. दुसऱ्या दिवशी रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदवरून मुरूड. जंजिरा बघायचा असेल तर राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. हलत्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर पाय टाकावा लागतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी किनाऱ्यावर बसून शहाळं प्यावं, किल्ला तिथूनही छान दिसतो. तिसऱ्या दिवशी आगरदांड्याची फेरी आणि दिवेआगर. इथे दोन रात्री राहाच. एक दिवस काहीही न करण्याचा ठेवा. नंतर श्रीवर्धन, भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. इथल्या रोठा सुपारीचं नाव आजीने ऐकलेलं असेलच. पुढे बाणकोटची खाडी ओलांडून वेळास. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते इथे बघायला मिळतं. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन 2002 पासून हे काम उभं केलं. पिल्लं उजेडाकडे जातात, म्हणून वेळासला गाडीचे बाहेरचे दिवे रात्री बंद. शेवटी आंजर्ले, कड्यावरचा गणपती, आणि हर्णै बंदरातला संध्याकाळचा मासळी लिलाव. परतीला दापोली, खेड आणि हायवेने घरी.

खाण्याचं

मेतकूट, थालीपिठाची भाजणी, दशम्या, गूळपापडी आणि आल्याच्या वड्या घरून घ्या. घाटवळणांत आल्याच्या वड्या लागतातच. जेवण घरगुती खानावळीत घ्या, पण सकाळीच किती पानं, शाकाहारी किती, हे कळवावं लागतं. ऐन वेळी दहा जण दारात उभे राहिलात तर त्या माउलीची धांदल होते. हर्णैला घेतलेले मासे यजमानांना करायला द्या. गाडीत मासे तळू नका, गाद्यांना वास धरतो आणि पुढच्या कुटुंबाला तो सोसावा लागतो.

बुकिंग

कमीत कमी पाच रात्री. भाड्यात चालक, विमा आणि फेरीबोटीचं गाडीचं तिकीट धरलेलं असतं. डिझेल, मुक्कामाच्या खोल्या आणि जेवण वेगळं. चालकाची झोपायची सोय आणि दोन वेळचं जेवण तुमच्याकडे. तो रात्री आठनंतर गाडी चालवत नाही, त्याला आग्रह करू नका. समुद्र खवळल्यामुळे फेरी बंद राहिली तर मार्ग बदलतो आणि जादा डिझेल अर्धं आम्ही भरतो.

पैसे भरण्याआधी एका रविवारी सगळ्या कुटुंबाने आमच्या कोपरखैरण्याच्या आवारात या. गाडीत बसून बघा, कोण कुठे झोपणार ते ठरवा. पायरी जमिनीपासून सव्वा फूट उंच आहे आणि बाजूला धरायला दांडा आहे, तरी आजी-आजोबांनी स्वतः चढून-उतरून बघितलंच पाहिजे. त्यांना अवघड जात असेल तर आम्ही लाकडी चौरंग जोडून देतो, पण त्याचं माप घ्यायला चार दिवस आधी कळायला हवं.