ल्यूपस : रोगाच्या क्रियाशीलतेचे रक्तदर्शक

सिस्टेमिक ल्यूपस एरिथेमॅटोसस या आत्मप्रतिरक्षा विकाराचा जोर किती आहे हे अजमावण्यासाठी वारंवार मोजले जाणारे रक्तघटक. एएनए चाचणी (पेशीकेंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) यांत धरत नाहीत. निदानाला ती उपयोगी असते. पण तिची पातळी रोगाबरोबर खात्रीने वरखाली होत नाही, म्हणून ती पुन्हापुन्हा करण्यात फारसा अर्थ नाही.

मुख्य दर्शक दोन : दुपेडी डीएनएविरोधी प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडांच्या कामाला हातभार लावणारी रक्तातील प्रथिने (सी३ व सी४). यांपैकी पहिल्याच्या शोधाचे श्रेय कोणा एकाला देणे कठीण आहे. हारग्रेव्हज व सहकाऱ्यांनी मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली एलई पेशीचे, म्हणजे ल्यूपसमध्ये दिसणाऱ्या, दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेल्या श्वेतपेशीचे, वर्णन केले. त्यानंतर १९५७ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील अनेक गटांनी जवळजवळ एकाच वेळी रक्तरसातील डीएनएविरोधी घटक नोंदवला. पूरक घटल्याची नोंद त्याहून जुनी, १९५१ ची आहे. मात्र दोन्हींची रोगाच्या चढउताराशी सांगड घालण्याचे काम टॅन, शूर, कुंकेल प्रभृतींच्या १९६६ ते १९६८ मधील अभ्यासांकडे जाते असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रतिपिंडे कोणत्या पद्धतीने मोजली यावर बरेच अवलंबून असते. ‘फार’ (Farr) नावाच्या पद्धतीत किरणोत्सर्गी डीएनए रक्तरसात मिसळून अमोनियम सल्फेटने साका पाडतात. एवढ्या क्षारात घट्ट बांधणारी प्रतिपिंडेच टिकतात, त्यामुळे तिचा मूत्रपिंडदाहाशी संबंध चांगला जुळतो. क्रिथिडिया ल्युसिली या कीटकांतील एकपेशीय परजीवीच्या कायनेटोप्लास्ट या पेशीभागात वर्तुळाकार डीएनए ठासून भरलेला असतो. प्रतिपिंडे चिकटली की सूक्ष्मदर्शकाखाली तो ठिपका हिरवा चमकतो. ही कसोटी काटेकोर, पण संवेदनक्षमता कमी. एलायझा ही विकरावर आधारलेली चाचणी सोपी असून सर्वत्र चालते; तिच्यात सैल बांधणारी प्रतिपिंडेही मोजली जातात. म्हणून एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहू नये. प्रयोगशाळा बदलली की तुलना बिघडते, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते.

सक्रिय रोगात प्रतिकारसंकुले (प्रतिपिंड व प्रतिजन यांच्या जोड्या) पूरक प्रथिने खर्ची घालतात, म्हणून त्यांची पातळी घसरते. सी४ जनुकाच्या प्रती जन्मतःच कमी असल्यास मात्र रोग शांत असूनही सी४ कमीच राहते. गरोदरपणात पूरक मुळात वाढत असल्याने ‘सामान्य’ आकडाही फसवा ठरू शकतो.

रक्त बिघडलेले, पण रुग्ण ठणठणीत अशी अवस्था टोरांटोच्या ग्लॅडमन व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये वर्णिली. त्याच शहरातून आलेल्या स्लीडाय (SLEDAI) या रोगाचा जोर मोजणाऱ्या गुणांकनात (१९९२) घटलेले पूरक व वाढलेली प्रतिपिंडे यांना प्रत्येकी २ गुण आहेत, तर आजारामुळे येणाऱ्या आकडीला ८. नेदरलँड्समधील १९९५ च्या एका चाचणीत प्रतिपिंडे वाढताच प्रेडनिसोन हे स्टिरॉइड दिल्याने रोगाची उसळी टळल्याचे दिसले. तरीही केवळ आकडा पाहून स्टिरॉइड वाढवण्याकडे बहुतेक तज्ज्ञांचा कल नाही.

दाह दाखवणाऱ्या नेहमीच्या चाचण्यांपैकी ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) वाढतो, पण सीआरपी (सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन) बहुधा फारसा चढत नाही. तो बराच चढल्यास आधी जंतुसंसर्ग शोधतात. फुप्फुसावरणदाह व संधिदाह हे अपवाद. इंटरफेरॉन या प्रतिकारप्रथिनामुळे चेतणाऱ्या जनुकांच्या क्रियाशीलतेची ठेवण २००३ पासून अभ्यासली जात आहे. नेहमीच्या देखरेखीत ती अद्याप रुळलेली नाही.