क्लिक-लॉक व्हिनाइल फ्लोअरिंग, कोल्हापूर

क्लिक-लॉक व्हिनाइल म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या लांबट पट्ट्या, एकमेकींत खटकन अडकवायच्या आणि सबंध खोलीभर पसरायच्या, सिमेंट लागत नाही की चिकटवायला काही लागत नाही. पट्टी जमिनीला कुठंच धरलेली नसते, नुसती स्वतःच्या वजनावर पडून असते, म्हणून याला फ्लोटिंग फ्लोअर म्हणतात. हल्ली जास्त चालतो तो एसपीसी (स्टोन प्लास्टिक कॉम्पोझिट) प्रकार, यात गाभा चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीचा, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेली फिल्म आणि सगळ्यात वर झीज सोसणारा पारदर्शक थर. जाडी साधारण 4 ते 6 मिमी. लॉकची कल्पना आधी लॅमिनेट फ्लोअरिंगमध्ये (दाबलेल्या लाकूडभुशाच्या पट्ट्या) आणली, 1990 च्या दशकात स्वीडनची वेलिंगे आणि बेल्जियमची युनिलिन या कंपन्यांनी, व्हिनाइलमध्ये ती नंतर उतरली.

पॅकिंगवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं आणि लोक तिथंच फसतात, कारण पाण्यानं पट्टी फुगत नाही एवढाच त्याचा अर्थ, खालून येणारी ओल काय त्यामुळं थांबत नाही, उलट तिला बाहेर पडायची वाटच बंद होते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या दगडमातीच्या घरांत तळमजल्यावर पावसाळ्यात भिंतीचा पाय ओला दिसतो तो सगळ्यांना माहितीय. अशा घरात आधी एक साधी टेस्ट करायची: दोन-अडीच फुटाचा प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारी बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवायचा, आतून दव धरलं किंवा फरशी काळपट पडली की समजायचं ओल आहे. ही टेस्ट मे महिन्यात करून उपयोग नाही, जुलैत करा. ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त, नाहीतर वर चकचकीत आणि खाली कुबट वास.

दुसरी गोष्ट लेव्हल. इथं जुन्या घरात शहाबादी, नाहीतर कोबा, नंतरच्या बांधकामात मोझॅक. मोझॅकवर काम सोपं. शहाबादीच्या दरजा खोल गेलेल्या असतात, एखादी फरशी डगडगते, एखादीचा कोपरा वर आलेला. प्लॅस्टरवाल्याची लांब ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवून पलीकडून बॅटरी मारायची, उजेड जिथं दिसतो तिथं खड्डा. 2 मीटरमध्ये 3 मिमीपर्यंतचा फरक साधारण चालतो, त्याहून जास्त असेल तर उंचवटा घासायचा आणि खड्डा सेल्फ-लेव्हलिंग कंपाऊंडनं (ओतलं की आपोआप सपाट होणारं मिश्रण) भरायचा. पीओपीनं भरू नका, ओलीत मऊ पडतं. खड्ड्यावर जाड फोम घालून भागवणारे पण असतात, पण पट्टी पायाखाली लवत राहिली की लॉकची जीभ तुटते आणि मग दुरुस्ती लई किचकट. पट्टीला मागून फोम आधीच असेल तर दुसरा घालायचाच नाही.

हे झालं की बाकीचं काम घरच्या दोघांना एका दिवसात एक खोली इतकंच आहे. बॉक्स दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवायचे. 10 बाय 12 ची खोली 120 चौरस फूट, त्यावर कापाकापीचे 8-10 टक्के धरून माल आणायचा. भिंतीपासून चारी बाजूंनी 6 ते 10 मिमी फट सोडायची, उन्हाळ्यात पीव्हीसी वाढतं त्याला जागा पाहिजे, नंतर स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. पेठेतली भिंत सरळ असेल असं धरून चालू नका, दोरी मारा, गुण्या लावा, पहिली ओळ दोरीला धरा. शेवटची ओळ दोन इंचाहून अरुंद येत असेल तर पहिलीच थोडी कापून घ्यायची, हे हिशोब आधी. पट्टी तिरकी धरून खाचेत घालायची आणि खाली दाबायची, आडवा जोड ठोकळा मध्ये ठेवून रबरी हातोड्यानं ठोकायचा, थेट पट्टीवर कधीच नाही. शेजारच्या ओळींतले आडवे जोड 8 इंच तरी मागेपुढे हवेत. कापायला कटरनं वरून दोनदा ओढायचं आणि गुडघ्यावर मोडायचं, करवतीची गरज चौकटीपाशीच. दार खाली घासतंय का ते सुरुवातीलाच बघा, आणि उंबरा आहे तो तसाच राहू दे, त्याच्यापाशी प्रोफाइल पट्टी (कड झाकणारी पट्टी) लावून संपवा.

ओट्याखालची जड कपाटं स्क्रूनं या जमिनीवर बसवायची नाहीत, जमीन अडकते आणि दुसरीकडं उचलते. गॅसची टाकी ओढत नेली की ओरखडा ठरलेला. रबरी पाठीची पायपुसणी पिवळा डाग सोडतात, तो निघत नाही.

2019 आणि 2021 ला ज्यांच्या घरात पंचगंगा आली, शाहूपुरीची कुंभार गल्ली, रमणमळा, दुधाळी, तिथं याचा एक फायदा आहे: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की स्कर्टिंग काढून पट्ट्या उलट्या क्रमानं सोडवून माळ्यावर नेता येतात. वेळ मिळाला तर. पाणी आत येऊन गेल्यावर मात्र गाळ लॉकच्या खाचेत बसतो आणि धुऊन सुद्धा पट्टी पहिल्यासारखी बसत नाही.

उरलेल्या सात-आठ पट्ट्या आडव्या करून माळ्यावर ठेवून द्या, पुढच्या बॅचचा रंग जुळत नाही.