सुपर बोलचा सगळ्यात ग्रेट प्ले कुठला? आधी गणित, मग भांडण

दर फेब्रुवारीत सुपर बोल झाला की 'इतिहासातले १० ग्रेट प्ले' छाप याद्यांचा पूर येतो (सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगची फायनल हं, हातात बॉल घेऊन पळतात तो, मेस्सीवाला नाही; आणि प्ले म्हणजे त्यातली एकेक चाल). त्यात डेव्हिड टायरीचा हेल्मेट कॅच हमखास वरच्या नंबरात. २००८, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध पेट्रियट्स, जेमतेम सव्वा मिनिट उरलेलं, जायंट्सचा इलाय मॅनिंग पकडापकडीतून कसाबसा सुटून बॉल लांब भिरकावतो आणि टायरी तो उजव्या हाताने स्वतःच्याच हेल्मेटवर दाबून धरत खाली आदळतो, ३२ यार्ड! अफाट कॅच, वादच नाही. पण अफाट कॅच वेगळा आणि ग्रेट प्ले वेगळा, आणि दुसरी गोष्ट चक्क मोजता येते.

क्रिकेट बघताना स्क्रीनवर विन प्रेडिक्टर येतो ना, तेच इथे. हजारो जुन्या मॅचेसचा डेटा घ्यायचा, स्कोअर काय, वेळ किती उरला, बॉल कुठल्या यार्डावर, कितवा डाऊन (१० यार्ड पुढे जायला ४ चान्स मिळतात, त्यातला कितवा), आणि अशा अवस्थेतून किती टीम जिंकल्या ते बघायचं. प्लेच्या आधीचा टक्का आणि नंतरचा टक्का यातला फरक म्हणजे त्या प्लेचं वजन. आणि फायनलमध्ये मॅच म्हणजेच ट्रॉफी, त्यामुळे तिथला एक टक्का लीग मॅचच्या एक टक्क्यापेक्षा कितीतरी महाग.

या हिशोबात माझा नंबर एक म्हणजे पेट्रियट्सचा माल्कम बटलर, १ फेब्रुवारी २०१५. पेट्रियट्स २८, सिएटल सीहॉक्स २४, २६ सेकंद बाकी, सिएटलचा बॉल गोल लाइनपासून फक्त १ यार्डावर, सेकंड डाऊन, म्हणजे हातात ३ प्रयत्न. एक यार्डावरून टचडाऊन (बॉल गोल लाइनपलीकडे नेणं, त्याने सिएटल पुढे गेलं असतं) ढोबळमानाने निम्म्या वेळा होतो असं धरा, तर तिन्ही प्रयत्न फसण्याची शक्यता एक अष्टमांश, म्हणजे सिएटल जिंकण्याची शक्यता ८७ टक्क्यांच्या आसपास, थोडी घासाघीस करून ८५ म्हणा. रसेल विल्सनने पास टाकला, बटलर मध्ये घुसला, बॉल त्याच्या हातात, ८५ चे झाले जवळपास शून्य. जवळपास अशासाठी की पेट्रियट्सचा बॉल आता स्वतःच्याच १ यार्डावर होता, तिथे नुसतं गुडघा टेकून वेळ काढता येत नाही (आपल्याच गोल लाइनमागे अडकलं तर समोरच्यांना पॉइंट मिळतात), पण सिएटलनेच ऑफसाइड (प्ले सुरू व्हायच्या आधीच रेषा ओलांडणं) करून बॉल पुढे नेऊ दिला आणि तोही प्रश्न सोडवून दिला.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच बोंब, सिएटलच्या बॉल घेऊन पळणाऱ्या मार्शॉन लिंचला बॉल का नाही दिला, इतिहासातला सगळ्यात मूर्ख निर्णय वगैरे. अहो, टाइमआऊट (घड्याळ थांबवायची संधी) एकच शिल्लक होता! पळवला आणि अडवला गेला तर घड्याळ चालूच राहतं, मग टाइमआऊट खर्च, आणि नंतरचा प्रयत्न पळवूनच केला तर चौथ्या डाऊनला वेळ उरेल याची खात्री नाही. पास खाली पडला तर घड्याळ आपोआप थांबतं. म्हणजे प्रश्न २ प्रयत्नांचा की ३, ७५ टक्के की ८७, आणि त्या सीझनमध्ये एक यार्डावरून टाकलेल्या शंभरेक पासांपैकी तोवर एकही इंटरसेप्ट (म्हणजे समोरच्यांनी मध्येच पकडलेला) झाला नव्हता. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही.

आता माझा आवडता भाग. हा टक्का प्रामाणिक असेल तर त्याला स्वतःची दिशा नसते, पुढच्या प्लेनंतर तो सरासरीने जिथे असणार तिथेच तो आत्ता असतो, कारण वर जाणार हे आधीच माहीत असतं तर आत्ताच वर धरला असता. याला मार्टिंगेल म्हणतात. सारख्या ताकदीच्या टीम, सुरुवात ५० वर. एखादी टीम कधीतरी १० टक्क्यांवर घसरण्याची शक्यता क्ष धरा. घसरलेल्यांपैकी १० टक्के जिंकतात, न घसरलेल्या सगळ्याच जिंकतात (हरायचं तर १० वरूनच खाली जावं लागेल ना). म्हणून ५० = १० क्ष + १०० (१ − क्ष), क्ष आला ५/९. त्यातल्या दहाव्या हिश्श्याने उलटवली म्हणजे १/१८, आणि टीम दोन, म्हणून १/९. म्हणजे बरोबरीच्या दर नऊ मॅचेसमध्ये एकीत, जिंकणारी टीम कधीतरी १० टक्क्यांवर पोचलेली असते! टक्का लहान पावलांनी सरकतो असं यात धरलंय, मोठ्या उड्या असतील तर आकडा थोडा कमी. १० च्या जागी १ ठेवा, उत्तर येतं १/९९. सुपर बोल आजवर साठेक झालेत, त्यात २०१७ ला पेट्रियट्स ३-२८ असे मागे पडून, टक्का एकाच्या खाली जाऊन, ओव्हरटाइममध्ये ३४-२८ जिंकले. थरारक आहेच, पण 'नियतीने लिहिलेलं' वगैरे काही नाही, साठात एखादं असं होणं काही नवल नाही. तरी लोक मानत नाहीत, तिकडे तर सुपर बोल कोण जिंकलं त्यावरून वर्षभर शेअर बाजार वर जाणार की खाली हे सांगणारा 'इंडिकेटर' आहे, आपल्या राशीभविष्याचा सख्खा भाऊ.

टायरीचं काय मग? तो कॅच सुटला असता तरी चौथा डाऊन बाकी होता, आणि पकडल्यावरही २४ यार्ड जायचे होते, मध्ये एक सॅक (पास टाकायच्या आधीच मॅनिंगला पाडणं) आणि थर्ड डाऊनला ११ यार्डांचं संकट. जायंट्सच्याच प्लॅक्सिको बरेसने शेवटी टचडाऊन केला नसता तर टायरी आज कोणाला आठवला असता? पुरावा हवाय? सिएटलचा जर्मेन कर्स. २०१५ ची तीच मॅच, स्टेडियमसुद्धा ग्लेनडेलचं तेच, त्याने जमिनीवर पाठीवर पडून, पायांवर उडालेला बॉल उताणाच पकडला, ३३ यार्ड. टायरीइतकाच अशक्य कॅच, आणि समोर अंगावर होता बटलरच. मिनिटभरात त्याच बटलरने तो कॅच इतिहासातून पुसून टाकला.

मॉडेलला एक गोष्ट मात्र दिसत नाही. बटलर ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) कोणी न घेतलेला, पहिल्याच सीझनमधला पोरगा, प्रॅक्टिसमध्ये हाच प्ले त्याच्यावर टाकला होता तेव्हा तो चुकला होता. मॅचमध्ये रिसीव्हर एकामागे एक उभे राहिलेले दिसले आणि याने ओळखलं. टक्केवारी प्लेचं वजन सांगते, श्रेय कोणाचं किती ते सांगत नाही.

आणि २००९ चा पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनचा १०० यार्ड पळून केलेला इंटरसेप्शन टचडाऊन? पॉइंटांच्या हिशोबात बटलरपेक्षा मोठा, कारण अॅरिझोनाचे ७ होणार होते ते पिट्सबर्गचेच ७ झाले. पण तो हाफटाइमच्या तोंडावर झाला, अर्धी मॅच बाकी होती, आणि पुढे अॅरिझोनाने २३-२० अशी आघाडी घेतलीच होती, त्यामुळे माझ्या यादीत तो दुसरा.