वर्षावनातील वन्यजीव निरीक्षण

उष्णकटिबंधीय सदाहरित जंगलातील पशुपक्षी, बेडूक, साप व कीटक त्यांच्या दिनक्रमात ढवळाढवळ न करता पाहणे. या प्रवासातून जंगल टिकावे आणि तिथल्या रहिवाशांना चार पैसे मिळावेत, तेव्हाच त्याला निसर्ग पर्यटन म्हणायचे. जंगलाच्या कडेला स्विमिंग पूल बांधणारी रिसॉर्ट स्वतःला काहीही म्हणवून घेवोत.

बडोद्याच्या आसपास वर्षावन नाही. जांबुघोडा, रतनमहाल, शूलपाणेश्वर ही मुख्यतः पानझडी जंगले. उन्हाळ्यात साग उघडा पडतो, पाणी आटत जाते, आणि उरल्या पाणवठ्यावर थांबले की काही ना काही नजरेस पडते. त्या सवयीने सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात गेलेला बडोदेकर पहिल्या दिवशी हिरमुसतो. तिथे झाडी बारमाही दाट, आणि बरेचसे जीवन डोक्यावरच्या पर्णछत्रात चाललेले. म्हणून कान आधी, दुर्बीण मागाहून. शेकरू दिसण्याआधी त्याचा कर्कश खडखडाट ऐकू येतो. राजधनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी उडताना पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो. दिवसभर पायपीट करण्यापेक्षा फळांनी लगडलेला उंबर किंवा वड गाठून तिथेच ठाण मांडणे केव्हाही बरे.

बडोद्याहून कोकण रेल्वेमार्गे सावंतवाडी, आणि तिथून सुमारे ३० किलोमीटरवर सह्याद्रीतले आंबोली. भाषेची अडचण नाही; आपली गुजराती वळणाची मराठी ऐकून वाटाडे गालात हसतात, एवढेच. पावसाळ्यातली रात्रीची फेरी हे इथले खरे वैभव. डबक्यावर झुकलेल्या फांदीला मलबारी उडत्या बेडकाचे फेसाचे घरटे चिकटलेले असते. अंड्यांतून निघालेली पिल्ले त्या फेसातून थेट खालच्या पाण्यात पडतात. बेडकाच्या बोटांमधले तांबूस पडदे टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसतात. मात्र फोटोसाठी त्याला हातावर घेणारा वाटाडा टाळावा, कारण बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि हाताला लागलेले मलम त्याला बाधते. जळवा लागणारच, तेव्हा लांब मोजे हवेत. आंबोलीच्याच हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशामुळे ती जागा २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ ठरली.

निसर्ग पर्यटनाचे मोल ठरते ते पैसा कोणाच्या हाती पडतो यावरून. केरळातल्या पेरियारमध्ये रानदालचिनीची साल चोरून विकणाऱ्यांना वाटाडे व राखणदार म्हणून कामाला लावले गेले. जंगलाची खडान्‌खडा माहिती त्यांना होतीच. अरुणाचलातल्या पक्के अभयारण्यालगत न्यिशी समाजाची मंडळी धनेशांची घरटी राखतात. पूर्वी याच समाजात धनेशाची चोच शिरपेचात मिरवायची चाल होती. घरट्याची राखण महत्त्वाची, कारण विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते. फटीएवढेच तोंड उघडे राहते, आणि नर त्यातून एकेक फळ भरवतो. फोटोसाठी झाडाखाली घोळका जमला तर नर बिचकून लांबच थांबतो, आणि आत मादी व पिल्ले उपाशी राहतात. म्हणून ढोलीच्या अगदी जवळ नेण्याचे आमिष दाखवणाऱ्या सहलीचे पैसे भरू नयेत, मग ती कितीही स्वस्त असो.